नवा हक्क आणि जुनी शिक्षा

देऊळघाटच्या पलीकडच्या डोंगरात पैनगंगेचा उगम आहे. तिथे नदी लहान आहे. पुढे जाते तशी ती मोठी होते. वाटेतल्या शेतांना, गुरांना, माणसांना पाणी देते. पण उगमाच्या मागे जे रान आहे, ते या नदीच्या पाण्याने भिजत नाही. पाणी पुढे जाते, मागे येत नाही.

हक्कांचेही असेच आहे काय? प्रत्येक हक्क कोणत्या तरी एका दिवशी सुरू होतो. तो दिवस म्हणजे त्या हक्काचा उगम. मग त्या दिवसाच्या आधी ज्याला शिक्षा झाली, त्याला नवा हक्क उपयोगी पडतो की नाही? या धड्यात आपण ही गोष्ट समजून घेऊ. प्रश्न लहान दिसतो. पण ज्या घरचे माणूस तुरुंगात आहे, त्या घराला तो लहान नाही.

एका घरातला प्रश्न

असे समजा, की साल १९४९ आहे. देऊळघाटच्या एका माणसाने सरकारी परवानगी न घेता एक पत्रक छापून वाटले. इंग्रजांच्या वेळचा १९३१ सालचा एक कायदा होता. त्या कायद्याने असे पत्रक काढणे हा गुन्हा होता. डिसेंबर महिन्यात कोर्टाने त्या माणसाला सहा महिन्यांची कैद दिली.

पुढच्याच महिन्यात, म्हणजे २६ जानेवारी १९५० रोजी, आपल्या देशाची राज्यघटना अमलात आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या समितीने तिचा मसुदा तयार केला होता. घटनेने प्रत्येक नागरिकाला मूलभूत हक्क दिले. आपले मत बोलून किंवा छापून सांगण्याचा हक्क हा त्यांपैकीच एक.

त्या माणसाची घरधनीण म्हणाली, "काल जो गुन्हा होता, तो आज हक्क झाला. मग आमचे माणूस अजून आत कसे?"

ही गोष्ट आम्ही समजावून सांगण्यासाठी रचली आहे. पण बाईचा प्रश्न खरा आहे. त्या काळी पुष्कळांना तो पडला होता. आणि असाच एक खटला खरोखर सुप्रीम कोर्टापर्यंत गेला.

मुंबईचा खटला

सप्टेंबर १९४९ मध्ये मुंबईच्या एका प्रकाशन संस्थेने रेल्वे कामगारांविषयी एक पत्रक काढले. केशवन माधव मेनन हे त्या संस्थेचे चिटणीस होते. परवानगीशिवाय पत्रक काढले म्हणून त्याच १९३१ च्या कायद्याखाली त्यांच्यावर खटला भरण्यात आला. खटला चालू होता, तेवढ्यात २६ जानेवारी १९५० उजाडला.

मेनन यांचे म्हणणे असे होते : "घटनेचे कलम १३ वाचा. घटनेतील हक्कांशी न जुळणारे जुने कायदे, जेवढ्या भागात जुळत नाहीत तेवढ्या भागात, रद्दबातल होतात असे त्यात लिहिले आहे. मग मेलेल्या कायद्याखाली माझ्यावर खटला कसा चालवता?"

मुंबईच्या हायकोर्टाने हे म्हणणे मान्य केले नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. तिथे सात न्यायाधीश बसले. २२ जानेवारी १९५१ रोजी निकाल लागला. पाच न्यायाधीश एका बाजूला झाले आणि दोन दुसऱ्या बाजूला.

पाच जणांनी काय सांगितले ते सोप्या भाषेत असे : मूलभूत हक्क घटनेने दिले आहेत. घटना सुरू झाली त्या दिवसापासून ते सुरू झाले. त्याच्या आधी ते नव्हतेच. जे नव्हतेच त्याच्याशी जुना कायदा न जुळण्याचा प्रश्न येत नाही. म्हणून २६ जानेवारी १९५० नंतरच्या कृत्यांना तो कायदा लागू होणार नाही. पण त्याच्या आधी केलेल्या कृत्यांपुरता तो जिवंत आहे. तेव्हा मेनन यांच्यावरचा खटला पुढे चालवता येईल.

दोन न्यायाधीशांना हे पटले नाही. ते न्यायाधीश म्हणजे फजल अली आणि मुखर्जी. त्यांचे म्हणणे असे, की जे खटले घटना येण्याआधी पुरते संपले, ते संपले. त्यांना हात लावू नये. पण जो खटला अजून चालू आहे, त्यात रद्दबातल झालेल्या कायद्याने माणसाला शिक्षा कशी देता येईल?

इथे एक गोष्ट नीट पाहा, मंडळी. भांडण होते ते चालू खटल्याविषयी. जे खटले आधीच संपले होते, ते पुन्हा उघडावेत असे त्या दोघांनीही म्हटले नाही.

आता कोणी म्हणेल, "खटला मुंबईचा. देऊळघाटला त्याचे काय?" त्या वेळी तर बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि त्याचे हायकोर्ट नागपूरला होते. १९५६ साली हा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्रात आहे. पण राज्य कोणतेही असो. सुप्रीम कोर्टाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या कोर्टांना पाळावा लागतो. घटनेच्या कलम १४१ मध्ये तसे लिहिलेच आहे.

असे का ठरवले?

वाचणाऱ्याला वाटेल, हा कसला इन्साफ! पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

प्रत्येक नवा हक्क मागे नेला, तर किती मागे न्यायचा? एक वर्ष, दहा वर्षे, की शंभर वर्षे? जुने साक्षीदार वारलेले असतात. कागद हरवलेले असतात. कोणी दंड भरलेला असतो, कोणी कैद भोगून घरी येऊन नातवंडे खेळवीत असतो. सगळे जुने निकाल उकरून काढले, तर आज न्याय मागायला आलेल्या माणसाकडे बघायला कोर्टाला वेळ उरणार नाही. म्हणून कोर्टे म्हणतात, की संपलेला निकाल सहसा संपलेलाच धरावा.

याची किंमतही लोकांना द्यावी लागली. इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा केला. काही जमातींना त्यांनी जन्मापासून गुन्हेगार ठरवले. त्या लोकांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. सोलापूरला अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवले होते. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. त्या दिवसापासून हजेरी सुटली. म्हणून त्या जमातींना विमुक्त म्हणतात आणि ३१ ऑगस्टला ते विमुक्त दिन पाळतात. पण कुंपणाच्या आत गेलेली वर्षे कोणत्या कायद्याने परत दिली? ती गेली ती गेलीच.

नवा कायदा पुढचे दार बंद करू शकतो. मागे घडून गेलेले तो आपोआप पुसून टाकत नाही.

सरकारलाही मागे जाता येत नाही

हाच नियम माणसाचे रक्षणही करतो. घटनेचे कलम २० सांगते, की जे कृत्य करताना गुन्हा नव्हते, त्यासाठी पुढे कायदा करून कोणाला शिक्षा देता येणार नाही. तसेच, कृत्य केले त्या वेळी जेवढी शिक्षा होती, त्यापेक्षा जास्त शिक्षा मागाहून देता येणार नाही.

विहिरीचे उदाहरण घेऊ. घटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अस्पृश्यता पाळणाऱ्याला शिक्षा देणारा सबंध देशाचा कायदा १९५५ साली झाला आणि १ जून १९५५ पासून तो लागू झाला. आता समजा, एका माणसाने मे १९५५ मध्ये सार्वजनिक विहिरीवर कोणाला पाणी भरू दिले नाही. त्याने पाप केले, अन्याय केला. पण या नव्या कायद्याखाली त्या मे महिन्याच्या कृत्याबद्दल त्याला शिक्षा देता येत नाही. तोच माणूस जूनमध्ये पुन्हा आडवा आला, तर मात्र कायदा त्याला धरतो.

आजचेही उदाहरण आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. गळ्यातले मंगळसूत्र किंवा हातातली पिशवी हिसकावून पळणे हा तिच्यात वेगळा गुन्हा म्हणून लिहिला आहे. पण ३० जून २०२४ ला जे कृत्य घडले, ते जुन्या दंडविधानानेच पाहिले जाते. मग खटला दोन वर्षांनी उभा राहिला तरी चालेल.

म्हणजे कायदा दोघांनाही सांगतो. माणसाला सांगतो, "मागचे आपोआप पुसले जाणार नाही." सरकारला सांगतो, "मागे जाऊन माणसाला पकडू नकोस."

खटला चालू असेल तर

इथपर्यंत वाचून कोणी निराश होऊ नये. नवा हक्क मागे जात नाही हे खरे. पण तो सुरू झाल्यावर सरकारने आणि कोर्टाने टाकलेले प्रत्येक पाऊल त्याला धरूनच टाकले पाहिजे. खटला जुना असला, तरी त्यातले आजचे पाऊल आजचेच असते.

याचेही उदाहरण मुंबईचेच आहे. १९४७ सालच्या एका कायद्याने मुंबई सरकारला एक अधिकार होता. सरकार एखादा खटला खास न्यायाधीशाकडे सोपवू शकत असे. नेहमीच्या खटल्यात आरोपीला जे संरक्षण मिळते, ते तिथे कमी मिळे. काही आरोपींचा खटला घटना येण्याच्या थोडे दिवस आधी असा सोपवला गेला. शिक्षा झाली ती घटना आल्यानंतर. १९५२ साली सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द केली. कोर्टाचे म्हणणे असे, की कायद्यापुढे सगळे समान असा हक्क २६ जानेवारी १९५० ला आला. त्यानंतर काही आरोपींना निराळ्या आणि कमी संरक्षणाच्या पद्धतीने वागवणे चालणार नाही.

मेनन यांच्या खटल्यात आणि या खटल्यात फरक कोणता? पहिल्यात प्रश्न असा होता, की कृत्य गुन्हा होते की नाही. ते कृत्याच्या दिवसावरून ठरते. दुसऱ्यात प्रश्न होता, की खटला कसा चालवायचा. ते खटला ज्या दिवशी चालतो त्या दिवसाच्या कायद्यावरून पाहिले जाते.

अपील चालू असेल, तर खटला संपलेला नसतो. हे फार महत्त्वाचे आहे. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने दंडविधानाच्या कलम ३७७ विषयी निकाल दिला. दोन सज्ञान माणसांनी आपखुशीने ठेवलेले समलिंगी संबंध यापुढे गुन्हा नाहीत, असे कोर्टाने ठरवले. त्या निकालपत्रात एका न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिले, की संपलेले खटले यामुळे पुन्हा उघडणार नाहीत. पण जे खटले खालच्या कोर्टात किंवा अपिलात चालू आहेत, त्यांत या निकालाचा आधार घेता येईल. पाहा, ज्याने अपील केले होते त्याला दार उघडे राहिले. ज्याने मुदत जाऊ दिली त्याला राहिले नाही.

कायदाच मागे हात देतो तेव्हा

कधी कधी कायदा करणारेच लिहून ठेवतात, की या कायद्याचा फायदा जुन्या लोकांनाही द्यावा. शिक्षा वाढवणारा कायदा मागे नेता येत नाही. पण माणसाला सोडवणारा कायदा मागे नेता येतो. त्याला घटनेची आडकाठी नाही.

लहान मुलांविषयीचा कायदा असाच आहे. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाने गुन्हा केला, तर त्याला फाशी देता येत नाही. २००६ साली त्या कायद्यात सुधारणा झाली. 'गुन्ह्याच्या वेळी मी लहान होतो' हे म्हणणे आरोपी कधीही मांडू शकतो, अगदी शेवटचा निकाल लागून गेल्यावरसुद्धा, असे त्यात लिहिले गेले.

याचा काय उपयोग झाला ते ऐका. १९९४ साली पुण्यात एका घरातील सात माणसांचा खून झाला. त्यात बाया होत्या, लहान मुले होती. १९९८ साली कोर्टाने एका आरोपीला फाशी सांगितली. हायकोर्टाने ती कायम केली. २००० साली सुप्रीम कोर्टानेही कायम केली. खटला पुरता संपला होता. माणूस तुरुंगात फाशीची वाट पाहत होता.

पुढे त्याने अर्ज केला, की त्या वेळी आपण लहान होतो. चौकशी झाली. त्याच्या गावच्या शाळेच्या रजिस्टरात त्याची जन्मतारीख निघाली. खटल्याच्या कागदांत त्याचे नाव थोडे वेगळे पडले होते. पण तो मुलगा हाच, असे सिद्ध झाले. गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय साडेबारा वर्षे होते. २७ मार्च २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाने त्याला सोडून देण्याचा हुकूम दिला. एवढ्या वयाच्या मुलाला कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते. तो अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ तुरुंगात राहिला होता.

ज्यांची माणसे मारली गेली, त्यांचे दुःख या निकालाने कमी होत नाही. ते कोणी विसरू नये. पण कायद्याने जे देऊ नये म्हटले आहे, ते कोर्टालाही देता येत नाही.

आणि हेही पाहा. त्या माणसाचा जीव कशाने वाचला? शाळेच्या रजिस्टरातल्या एका ओळीने. कोणा मास्तरांनी मुलाचे नाव आणि जन्मतारीख नीट लिहून ठेवली होती. म्हणून आम्ही सांगतो, की मुलांची जन्मनोंद करा. शाळेत बरोबर तारीख सांगा. दाखला वाचून पाहा. आता तुम्हाला वाचता येते.

आपण काय करावे?

आपल्या घरातील किंवा ओळखीतील कोणाला शिक्षा झाली असेल आणि मागाहून कायदा बदलला असेल, तर आधी तीन तारखा कागदावर लिहून काढा. पहिली, कृत्य कोणत्या दिवशी घडले. दुसरी, नवा कायदा किंवा नवा हक्क कोणत्या दिवशी लागू झाला. तिसरी, शेवटचा निकाल कोणत्या दिवशी लागला आणि अपील चालू आहे का. या तीन तारखा कळल्या, की वकिलाला अर्धे प्रकरण कळते.

मुदत जाऊ देऊ नका. खालच्या कोर्टाच्या शिक्षेविरुद्ध सेशन कोर्टात अपील करायचे असेल तर तीस दिवसांची मुदत असते. हायकोर्टात करायचे असेल तर साठ दिवसांची असते. फाशीची शिक्षा असेल तर तीसच दिवस. उशीर झाला तर खरे कारण लिहून अर्ज करता येतो. कारण पटले तर कोर्ट उशीर माफ करते. बुलढाणा जिल्ह्याची हायकोर्टातली कामे मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात चालतात.

कैदेची शिक्षा झाली, की निकालाची नक्कल आरोपीला फुकट मिळाली पाहिजे. ती मागून घ्या. १९७८ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले, की गरीब कैद्याला अपिलासाठी वकीलही सरकारने दिला पाहिजे. त्या खटल्यातल्या कैद्याला निकालाची नक्कल वेळेवर मिळाली नव्हती. त्याची सजा भोगून झाली तेव्हा त्याचे अपील सुप्रीम कोर्टात पोचले. त्याला स्वतःला फायदा झाला नाही. पण त्याच्यामागून आलेल्या कैद्यांना झाला.

पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. जिल्ह्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते, तालुक्याला समिती असते. बाया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आणि तुरुंगातले लोक यांना तिथे फुकट वकील मिळतो. त्यांची मिळकत किती हे पाहिले जात नाही. इतर गरिबांनाही मिळकतीच्या मर्यादेत मिळतो. १५१०० या नंबरावर फोन करूनही विचारता येते.

सगळे दरवाजे बंद झाले, तरी एक उरतो. घटनेच्या कलम ७२ ने राष्ट्रपतींना आणि कलम १६१ ने राज्यपालांना शिक्षा माफ करण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार दिला आहे. सरकारलाही कायद्याने शिक्षेत सूट देता येते. ज्या कृत्याला आज गुन्हा म्हणत नाहीत, त्याची जुनी शिक्षा कोणी भोगत असेल, तर हीच गोष्ट अर्जात साफ लिहावी.

त्या बाईला काय सांगावे?

आता आपण त्या घरधनीणीकडे परत जाऊ. तिला खोटा धीर देऊ नये. "बाई, घटना आली म्हणून तुरुंगाचे दार आपोआप उघडणार नाही," असे तिला खरे सांगावे. पण तिथेच थांबू नये. "अपिलाची मुदत आहे का ते आजच पाहू. नसेल तर माफीचा अर्ज करू. आणि तुमचा मुलगा मोठा होऊन पत्रक छापील, तेव्हा या जुन्या कायद्याने त्याला कोणी आत टाकू शकणार नाही," असेही सांगावे.

नदी उगमाच्या मागे जात नाही. पण मागच्या रानातला माणूस चार पावले चालून पाण्यापर्यंत येऊ शकतो. वाट ठाऊक पाहिजे, आणि वेळेवर निघाले पाहिजे.